अंगणातील झाडांचे स्थलांतर आणि वऱ्हाडची काळी माती

पावसाळ्याच्या प्रारंभी वृक्षारोपण करण्याची प्रथा आता गावोगावी रूढ झाली आहे. १९५० साली तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाला राष्ट्रीय कार्यक्रमाचे स्वरूप दिले, आणि तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा झाडे लावण्याचा आठवडा म्हणून ओळखला जाऊ लागला. महाराष्ट्रात १ जुलै २०१६ रोजी एका दिवसात दोन कोटी रोपे लावण्याचा संकल्प करण्यात आला होता. २०१९ च्या पावसाळ्यासाठी तेहतीस कोटींचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. लागवडीचा हा उत्साह स्वागतार्ह आहे. तथापि, लावलेले रोप पुढे कोठे आणि कसे वाढणार याचा विचार लावतेवेळी पुरेसा झालेला नसतो, ही गोष्ट तीन-चार वर्षांनी ध्यानात येते.

अमरावती, अकोला, अचलपूर किंवा दर्यापूर येथील घरांच्या अंगणांत आणि शाळांच्या आवारांत याची उदाहरणे सहज आढळतात. बहाव्याचे रोप विजेच्या तारेखाली लावलेले असते. गुलमोहर कुंपणाच्या भिंतीपासून दोन हातांवर असतो. वर्गखोली वाढवावयाची म्हटली की नेमके तेथेच कांचन किंवा ताम्हण उभे असते. अशा वेळी झाड तोडून टाकणे हाच सोपा मार्ग वाटतो. वस्तुतः मनगटाएवढ्या जाडीपर्यंतचे कोवळे झाड मुळांसह काढून दुसरीकडे लावता येते. त्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही. कुदळ, फावडे, सब्बल, गोणपाट आणि चार माणसे पुरेशी होतात. मात्र हे काम एका दिवसाचे नाही. वऱ्हाडच्या मातीत आणि उन्हात झाडाचे स्थलांतर म्हणजे सुमारे दीड वर्षाचे काम होय. एका दिवाळीला त्याचा आरंभ करावा, मृग-आर्द्रात झाड हलवावे आणि पुढील मृग बरसेपर्यंत त्याची जपणूक करावी, असा हा क्रम आहे.

झाड हलविले म्हणजे काय होते

झाड जमिनीतून पाणी घेते ते जाड मुळांनी नव्हे. जाड मुळे झाडाला आधार देतात आणि अन्न साठवितात. पाणी शोषण्याचे काम मुळांच्या टोकांजवळील केसासारखी बारीक तंतुमुळे करतात, आणि ही तंतुमुळे बुंध्यापासून बरीच दूर, बहुतांशी जमिनीच्या वरच्या हात-दीड हात थरात पसरलेली असतात. झाड खणून काढताना यांतील बहुतेक मुळे तुटून मागे राहतात. वरचा पर्णसंभार मात्र पूर्वीइतकाच असतो आणि पानांवाटे पाणी उडून जाणे थांबत नाही. येणे घटते आणि खर्च तोच राहतो. स्थलांतरित झाड मरते ते बहुधा या तुटीमुळे, म्हणजेच तहानेने मरते. पुढे सांगितलेल्या सर्व पथ्यांचा हेतू ही तूट कमी करणे आणि नवी मुळे फुटेपर्यंत झाडाला तगवून धरणे एवढाच आहे.

काळ्या मातीचे गुण आणि अडचणी

वऱ्हाडातील काळी जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून तयार झालेली आहे. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ही चिकणमाती पाणी मिळताच फुगते आणि सुकताच आकसते. ओल दीर्घकाळ धरून ठेवण्याच्या गुणामुळे ती कापसाला मानवली. पण नव्याने हलविलेल्या झाडाला तिचा दोन्ही ऋतूंत उपद्रव होतो. पावसाळ्यात मातीतील पोकळ्या पाण्याने भरून जातात, हवा कोंडते आणि जखमी मुळे कुजतात. उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळते. भेगा पडताना कोवळी मुळे ताणली जाऊन तुटतात आणि भेगांतून शिरणारी गरम हवा उरलेल्या मुळांनाही सुकविते.

त्यात येथील हवामानाची भर पडते. मेळघाटचा डोंगराळ भाग वगळता अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या सपाट प्रदेशात वर्षाकाठी साधारणतः ७०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. पुढे आठ महिने झाडाला माणसाच्या हातच्या पाण्यावर विसंबावे लागते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणे नवीन नाही. म्हणूनच पुण्यात किंवा कोकणात जी ढिलाई खपून जाते, ती वऱ्हाडात खपत नाही.

कोणते झाड हलवावे

बुंध्याची जाडी हा पहिला निकष होय. अंगठ्याएवढ्या बुंध्याचे रोप पूर्वतयारीशिवाय, मातीच्या गोळ्यासह, पावसाळ्यात सरळ हलविता येते. मनगटाएवढ्या बुंध्याच्या झाडासाठी आधी मुळे छाटण्याची तयारी करावी लागते. त्याहून मोठे झाड हलविणे घरगुती साधनांच्या आवाक्यातले नाही. तेथे जाणकार यंत्रणेचे साहाय्य घ्यावे.

दुसरा निकष जातीचा. पांढरा चाफा स्थलांतर सहजी सोसतो. त्याची तर नुसती फांदी सुकवून लावली तरी जगते. करंज, कडुनिंब आणि गुलमोहर ही झाडे लहान वयात बऱ्यापैकी हलतात. बहावा आणि पळस यांचे सोटमूळ लवकर खोल जाते. ते तुटले की झाड दीर्घकाळ रुसून बसते. ही झाडे हलवावयाची असल्यास पहिल्या-दुसऱ्या वर्षीच हलवावीत. ताम्हण हे आपले राज्यपुष्प. तथापि ते मूळचे ओढ्याकाठचे, ओलाव्याचे झाड आहे. त्याला न्हाणीचे किंवा विहिरीवरचे पाणी मिळेल अशीच नवी जागा द्यावी.

नवी जागा निवडताना झाडाचे आजचे रूप न पाहता वीस वर्षांनंतरचे रूप डोळ्यांसमोर आणावे. गुलमोहराची मुळे जमिनीलगत पसरतात आणि त्याच्या फांद्या वादळात मोडतात, म्हणून तो घराच्या भिंतीपासून किमान पंधरा-वीस हात दूर असावा. कांचन, पारिजातक, चाफा अशी लहान चणीची झाडे घराजवळ चालतात. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात दोन वृक्षांमधील वीस हातांचे अंतर उत्तम, सोळा हातांचे मध्यम आणि बारा हातांचे कनिष्ठ मानले आहे. आजच्या मापाने हे अंतर सुमारे साडेपाच ते नऊ मीटर होते आणि मोठ्या झाडांना ते आजही लागू पडते.

नागरी भागात आणखी एक गोष्ट आवश्यक आहे. ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ हा कायदा महानगरपालिका व नगरपरिषदांच्या हद्दीत खाजगी आवारांनाही लागू आहे. झाड हलविण्यापूर्वी स्थानिक वृक्ष प्राधिकरणाकडे विचारणा करावी आणि आवश्यक ती परवानगी लेखी घ्यावी.

पूर्वतयारी : दिवाळी आणि संक्रांत

मनगटाएवढ्या झाडाची तयारी आदल्या पावसाळ्याच्या अखेरीस सुरू होते. बुंध्याच्या व्यासाच्या दहा ते बारा पट व्यासाचा मातीचा गोळा झाडाबरोबर न्यावयाचा, असे साधारण प्रमाण आहे. बुंधा पाच सेंटिमीटर जाड असेल तर गोळा पन्नास ते साठ सेंटिमीटर रुंद हवा. या मापाचे वर्तुळ चुन्याने झाडाभोवती आखून घ्यावे आणि त्याचे चार भाग करावेत.

दिवाळीच्या सुमारास समोरासमोरच्या दोन भागांत वर्तुळाच्या बाहेरच्या कडेने वीतभर रुंद आणि हातभर खोल चर खणावा. आड येणारी मुळे धारदार कोयत्याने किंवा करवतीने स्वच्छ कापावीत. कुदळीने ठेचू नयेत, कारण ठेचलेल्या टोकाला कूज लवकर लागते. नंतर खणलेली माती आणि पूर्ण कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणाने चर भरून पाणी द्यावे. उरलेले दोन भाग मकरसंक्रांतीच्या सुमारास याच रीतीने छाटावेत. अर्धी मुळे शाबूत राहत असल्याने झाड कोमेजत नाही, आणि कापलेल्या टोकांपाशी नवी तंतुमुळे फुटू लागतात. मात्र त्यानंतर संपूर्ण उन्हाळा या झाडाला नियमित पाणी दिले पाहिजे. पावसाळ्यात जेव्हा गोळा निघेल, तेव्हा पाणी शोषणारी बरीच मुळे त्या गोळ्याच्या आतच आलेली असतील. या तयारीचे सारे फळ हेच आहे.

हलविण्याचा दिवस : वाफसा महत्त्वाचा

झाड हलविण्यास मृगाचे पहिले शिंतोडे पुरेसे नाहीत. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन खोलवर भिजली पाहिजे. वऱ्हाडात हा काळ बहुधा आर्द्रा ते पुनर्वसू नक्षत्रांत, म्हणजे जूनअखेर ते जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत येतो. भर पावसात मात्र खणू नये. काळी माती पूर्ण ओली असताना गोळा घसरतो आणि कोरडी असताना फुटतो. शेतकरी पेरणीसाठी पाहतो तो वाफसा येथेही पाहावा. मूठभर माती दाबली असता गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारताच तो फुटावा, अशी ओल असली म्हणजे काम सुरू करावे. दिवस ढगाळ आणि वेळ सायंकाळची असल्यास उत्तम.

खणण्यापूर्वी झाडाच्या उत्तर बाजूस बुंध्यावर चुन्याची खूण करावी आणि नव्या जागी ती बाजू उत्तरेकडेच ठेवावी. सावलीत वाढलेली साल एकाएकी दक्षिण-पश्चिमेच्या उन्हात आली तर ती तडकते. झाड मूळच्या दिशेनेच लावण्याची सूचना वराहमिहिरानेही केलेली आहे.

जुन्या चराच्या किंचित बाहेरून खणत जावे, म्हणजे नवी मुळे वाचतात. गोळा मोकळा झाल्यावर तो ओल्या गोणपाटाने गुंडाळून सुतळीने सर्व बाजूंनी आवळावा, मग खालून तिरकी सब्बल घालून तळाची मुळे कापावीत. पस्तीस सेंटिमीटर रुंद गोळा दोन माणसांना उचलता येतो. साठ सेंटिमीटर रुंद आणि हातभर खोल गोळ्याचे वजन मात्र दीडशे ते दोनशे किलोग्रॅम भरते. त्यासाठी मजबूत ताडपत्री किंवा दोन वासे घेऊन चार माणसांनी काम करावे. उचलताना भार नेहमी गोळ्यावर असावा. बुंधा धरून ओढल्यास मुळांची मातीवरील पकड सुटते आणि वर्षभराची तयारी वाया जाते.

नवा खड्डा

नवा खड्डा आधीच तयार असावा. त्याची खोली गोळ्याच्या उंचीइतकीच आणि रुंदी गोळ्याच्या दुप्पट ते तिप्पट ठेवावी. खड्डा अधिक खोल खणून तळाशी भुसभुशीत भर घातल्यास झाड पुढे खाली बसते आणि त्याचा बुंधा मातीत गाडला जातो. काळ्या मातीत फावड्याने खणलेल्या खड्ड्याच्या बाजू गुळगुळीत होतात. मुळांना त्यात शिरणे जड जाते. सब्बलीने त्या खरवडून घ्याव्यात.

खड्ड्याचा निचरा आधीच तपासावा. तो पाण्याने भरून ठेवावा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल तर ती जागा सोडावी, किंवा आजूबाजूची माती ओढून वीतभर उंचीचा रुंद ओटा करावा आणि झाड त्यावर लावावे. अशा जागी खड्ड्यात केवळ वाळू किंवा मुरूम भरण्याचा मोह टाळावा. सभोवतालच्या घट्ट मातीतील पाणी अशा खड्ड्यात येऊन साचते आणि खड्ड्याचे टाके होते. निघालेलीच माती, तिच्या चौथ्या हिश्शाएवढे कुजलेले शेणखत मिसळून, परत भरणे इष्ट. कच्चे शेण घालू नये. त्याने वाळवी येते आणि मुळांना उष्णता लागते. रासायनिक खतही पहिल्या पावसाळ्यात देऊ नये.

बुंध्यावर जुन्या मातीची जी रेघ दिसते, ती नव्या जमिनीच्या पातळीत यावी. गोळा खड्ड्यात ठेवल्यावर सुतळी सोडून गोणपाट बाजूंनी कापून काढावे. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाची प्लॅस्टिकची पिशवी तर पूर्णपणे काढलीच पाहिजे. पिशवीत गोल गोल फिरलेली मुळे पात्याने दोन-तीन ठिकाणी उभी चिरावीत. तशीच ठेवल्यास ती पुढे बुंध्याभोवती फास आवळतात. माती थराथराने भरून पायाने हलकेच दाबावी आणि लगेच दोन-तीन बादल्या पाणी द्यावे, म्हणजे आतील पोकळ्या भरून येतील.

हलविलेल्या झाडाचा शेंडा छाटून ते बोडके करण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. नवी मुळे फुटण्यास लागणारे अन्न पानांतच तयार होते, हे लक्षात घेता अशी कठोर छाटणी हितकारक नाही. मोडलेल्या आणि एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात, दाट पाने थोडी विरळ करावीत, परंतु मुख्य शेंडा राखावा. दोन्ही बाजूंना बांबू रोवून जुन्या कापडाच्या पट्टीने झाड सैलसर बांधावे. वाऱ्याने ते थोडे हलते राहिले तर बुंधा बळकट होतो. वर्षभराने आधार काढून घ्यावा.

खारपाणपट्ट्यातील विशेष अडचण

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतील अनेक गावे त्यात येतात. येथे भूजल खारे असून जमिनीत सोडियमचे प्रमाण अधिक आहे. विहिरीचे वा विंधन विहिरीचे पाणी हलविलेल्या झाडास दिल्यास दुहेरी अपाय होतो. मुळांना क्षार बाधतात, आणि जमीन अधिक घट्ट होऊन निचरा बंद पडतो. पानांच्या कडा करपू लागल्या तर पाण्याची शंका घ्यावी.

अशा गावांत छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवून किंवा नळयोजनेचे पाणी वापरावे. करंज आणि कडुनिंब ही दोन झाडे क्षार बऱ्यापैकी सोसतात. शोभेच्या नाजूक जातींऐवजी त्यांना अग्रक्रम द्यावा. माती परीक्षण करूनच जिप्समची मात्रा ठरवावी. अकोला येथे २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेल्या, आणि आता डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, कृषी विद्यापीठाचे मार्गदर्शन यासाठी उपलब्ध आहे.

पहिला उन्हाळा आणि पाण्याचा हिशेब

पावसाळ्यात हिरवेगार दिसणारे झाड मे महिन्यात वाळते, तेव्हा दोष उन्हाला दिला जातो. खरे पाहता मधल्या काळातील पाण्याचा हिशेब चुकलेला असतो. पावसाळ्यात उघडीप पडून माती सुकली तरच पाणी द्यावे. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा पुरते. फेब्रुवारीच्या मध्यापासून मृगापर्यंत आठवड्यातून दोन वेळा, दर खेपेस दोन बादल्या, म्हणजे सुमारे तीस लिटर पाणी हवे. सोळा-सतरा आठवड्यांत हे प्रमाण एका झाडामागे सुमारे एक हजार लिटर होते. रोज तांब्याभर पाणी शिंपडल्याने केवळ वरचा थर ओला होतो, मुळे वरच राहतात आणि भेगांत सापडून मरतात. थोडे अंतर ठेवून भरपूर पाणी देणेच योग्य.

पाण्याची बचत करण्याचे साधे उपाय आहेत. गोळ्याच्या कडेला एक कच्चे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे आणि झाकावे. ओल हळूहळू झिरपत राहते. बुंध्याभोवती, पण बुंध्याला न टेकेल असे, सोयाबीनचे कुटार किंवा पालापाचोळा चार बोटे जाड पसरावा. त्याने जमिनीची भेगाळ कमी होते. पश्चिम बाजूस तुराट्यांचा आडोसा उभा करावा, बुंध्याला चुन्याचा हात द्यावा आणि शेळ्यांपासून रक्षणासाठी बोरीच्या काट्यांचे कुंपण करावे. भांडी विसळलेले, साबण नसलेले पाणी झाडाला निर्धास्त द्यावे.

हलविल्यानंतर पाने पिवळी पडून गळाली तर घाबरून पाण्याचा मारा करू नये. नखाने साल थोडी खरवडून पाहावी; आत हिरवा ओलसर थर दिसला तर झाड जिवंत आहे. नवी पालवी फुटली म्हणून निश्चिंत होणेही बरोबर नाही. पहिली पालवी बुंध्यातील साठ्यावर फुटते. झाड नव्या जागी खऱ्या अर्थाने रुजले की नाही, हे पुढील मृगानंतर येणाऱ्या फुटीवरून ठरते.

शाळा आणि ग्रामपंचायतींसाठी

एका झाडास एक हजार लिटर पाणी, हा आकडा सार्वजनिक लागवडीच्या नियोजनातही उपयोगी आहे. लहान रोपाची गरज यापेक्षा कमी असते; तरीही ती शून्य नसते. शाळेच्या आवारात उन्हाळाभर पाच हजार लिटर पाण्याची तरतूद असेल, तर पाच झाडे हलवावीत आणि ती जगवावीत. पन्नास खड्डे खणून त्यांतील पंचेचाळीस ओस पडू देण्यात कोणाचेच हित नाही. शाळेला उन्हाळी सुटी लागते तेव्हाच झाडाला पाण्याची सर्वाधिक निकड असते. म्हणून पाणी घालण्याची पाळी कोणाची, हे सुटी लागण्यापूर्वी नावानिशी ठरवून नोंदवहीत लिहिले पाहिजे. ग्रामपंचायतीने नवी इमारत, नाली किंवा रस्ता आखताना आड येणाऱ्या कोवळ्या झाडांची यादी दिवाळीपूर्वी केली, तर मुळांची छाटणी हिवाळ्यात आणि स्थलांतर पावसाळ्यात होऊ शकते. काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी झाडाची आठवण झाली तर कुऱ्हाडीशिवाय दुसरा मार्ग उरत नाही.

तीन-चार वर्षे वाढलेल्या झाडात तीन-चार उन्हाळ्यांचे पाणी आणि राखण साठलेली असते. त्याच्या जागी नवे रोप लावले तर हा सारा खर्च पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो, आणि ते रोप जगेलच याची हमी नसते. अस्तित्वात असलेले झाड काळजीपूर्वक हलवून जगविणे हे नव्या लागवडीइतकेच मोलाचे काम आहे. वऱ्हाडातील प्रत्येक अंगणाने आणि शाळेने वाफसा पाहून, पाणी मोजून आणि एक संपूर्ण उन्हाळा सांभाळून ते अंगीकारावे, हेच उचित होय.